दोन रिळं, एक फिरकी आणि मामांची टोपी

मला बघायला आलेला मुलगा काखेत एक लांबलचक प्लास्टिकची नळी घेऊन आला, आणि पोहे ताटल्यांत पडायच्या आत आमच्या घरात त्या नळीवरून तर्क सुरू झाले. आईला वाटलं, पत्रिका असणार. मामांना वाटलं, नव्या प्लॉटचा नकाशा, आणि प्लॉटच्या नुसत्या कल्पनेनं ते खुर्चीत पुढे सरकून बसले. दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, काहीच तर्क नव्हता. दुसऱ्याच्या हातात काय आहे हे बघणंसुद्धा त्यांना आगाऊपणाचं वाटायचं. मी पडद्याआड उभी होते, आणि मला वाटलं, हा पाइप बसवणारा मिस्त्री चुकून आपल्या घरात शिरलाय.

ते दुष्काळाचे दिवस होते. हर्सूलच्या तलावात पोरं स्टंप ठोकून क्रिकेट खेळायची. तलावाच्या पलीकडे मात्र रोज नवी घरं उठत होती, आणि त्यातलंच एक आमचं. मूळचे आम्ही देवगाव रंगारीकडचे, मेंढरांमागे फिरणाऱ्यांचं घराणं. दादा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, म्हणजे कालव्याच्या पाण्याची राखण करणारे. मी एका खाजगी शाळेत गणित शिकवायचे. आमच्या गल्लीत नळ होता, पण त्याला पाणी येतं हे फक्त म्हाताऱ्या माणसांना आठवत होतं. सगळं टँकरवर चालायचं. त्यामुळे त्या काळात स्थळ आलं की आमचे मामा पगाराच्या आधी पाण्याचं विचारायचे.

"नळाला पाणी येतं का तुमच्याकडं?" मामांनी विचारलं.

"शेंद्र्याला? येतं कधीमधी," मुलगा म्हणाला. "बहुतेक वेळा नाहीच."

असं उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं. आधीच्या सगळ्या स्थळांकडे गंगाच वाहत होती. मामांनी दादांकडे बघितलं, दादांनी छताकडे. मुलगा शेंद्र्याच्या कारखान्यात मशीनवर होता. सोबत फक्त त्याची आई आली होती, कारण चाऱ्यासाठी त्याचे वडील मेंढरं घेऊन दूर खानदेशाकडे गेले होते.

शेवटी मामांना राहवेना. "त्या नळीत काय हाय म्हनायचं?"

"गळ आहे," तो म्हणाला. "मासे धरायचा."

आमच्या आईचा हात लगेच गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेला. आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा कुणी मोठ्यानं घेत नसे. पोहे चमच्यातच राहिले. एकटी त्याची आई निवांत खात होती. ती म्हणाली, "घाबरू नका, ताई. खात नाय त्यो. आमच्यात बी माळ हाय. धरतो आन सोडून देतो."

"सोडून द्यायचा तर धरायचा कशाला?" आईनं विचारलं.

"त्येच मी ईचारते त्याला," त्याची आई म्हणाली आणि तिनं आणखी पोहे मागून घेतले.

मग त्यानं सगळी हकिकत सांगितली. कारखान्यात नवं मशीन बसवायला परदेशातून एक म्हातारा इंजिनिअर आला होता. सुट्टीच्या दिवशी हा त्याला कन्नडच्या डोंगरात फिरवायचा. जाताना म्हाताऱ्यानं आपली मासेमारीची काठी ह्याला भेट दिली. चार तुकड्यांची, जोडली की हरळीच्या काडीसारखी लवलवणारी. लहान ओढ्यात लहान मासे धरायची काठी. काठीबरोबर दोरीही दिली, पण दोरी गुंडाळायचं रीळ दिलं नाही. रीळ ज्याचं त्यानं निवडायचं असतं, असं म्हणाला म्हणे.

"आन वढा कुठाय?" मामांनी विचारलं.

"आता नाही."

"मंग?"

"येईल की पाणी," तो म्हणाला.

मी पडद्याआड हसले. चांगली ऐकू जाण्याइतकी हसले. आईनं आत येऊन माझ्या दंडाला चिमटा काढला आणि चहाचा ट्रे हातात दिला. बाहेर गेल्यावर मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि पहिल्याच कपाला बघितलं. त्याचे कान मोठे होते आणि ते लाल झाले होते. मला तो आवडला. उगाच वळसे घालून सांगण्यात अर्थ नाही. बशीत चहा सांडेपर्यंत आवडला.

मुलामुलीनं एकटं बोलायचं ही पद्धत आमच्यात तेव्हा नुकतीच शिरत होती. मामांनी मोठ्या मनानं परवानगी दिली. गच्चीवर जा, दहा मिनिटांत खाली या, आणि दार सताड उघडं ठेवा. तो नळी घेऊन जिना चढायला लागला. "ती र्‍हाऊ दे की खाली," मामा म्हणाले. "हिचंच बोलायचंय," तो म्हणाला आणि चढत राहिला.

गच्चीवर काळ्या टाकीची जेमतेम सावली होती. तिथे उभी राहून मी नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं मनात लावून ठेवली. भाकरी येते. नोकरी सोडायची की नाही ते बघू. उंची चपलेशिवाय एवढीच आहे. आधीच्या सगळ्यांनी हेच विचारलं होतं, एकानं तर पाढे म्हणून दाखवायला लावले होते. ह्यानं पिशवीतून जेवणाचा डबा काढला. डब्यात पायमोजे होते. एका पायमोज्यातून एक मोठं काळं रीळ निघालं, दुसऱ्यातून एक लहान रुपेरी. आणि पिशवीच्या तळातून संक्रांतीला पतंग उडवायची लाकडी फिरकी.

"यातलं कुठलं घेऊ?" त्यानं मला विचारलं.

मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. मलाच विचारत होता.

"मला काय कळतं त्यातलं?"

"मलाही नाही कळत. पुण्याच्या दुकानदारानं दोन्ही पाठवलीत. एक ठेवायचं, एक परत करायचं. मी महिनाभर रोज ठरवतो आणि रोज बदलतो. तुम्ही पडद्याआडून हसलात तेव्हा वाटलं, तुम्ही ठरवाल."

आमच्या घरात मी काय शिकायचं ते मामांनी ठरवलं, कुठल्या शाळेत शिकवायचं ते दादांच्या साहेबांनी, आणि त्या दिवशीची पोपटी साडी आईनं. आणि हा लाल कानांचा माणूस, अजून माझं पूर्ण नावही नीट माहीत नसताना, महिनाभर न सुटलेली गोष्ट माझ्या पुढ्यात मांडून उभा होता. मी पदर खोचला.

त्यानं काठी जोडली आणि मला सगळं समजावून सांगितलं. या प्रकारात गळाला अळी लावत नाहीत. पिसं आणि लोकर बांधून माशीसारखा दिसणारा हलका गळ करतात आणि दोरीच्याच वजनानं तो पाण्यावर अलगद टाकतात. रीळ मुठीच्या मागे बसतं. मोठ्या काळ्या रिळात खूप दोरी मावते आणि त्याला चांगला ब्रेक असतो. लहान रुपेरीला भोकंच भोकं, वजन जवळपास नाहीच, आणि फिरवलं की ते कटकटकट असं वाजतं. त्यानं वाजवून दाखवलं. मी वाजवलं. त्यानं पुन्हा वाजवलं. आम्ही दोघंही खुळ्यासारखे हसत सुटलो.

"मोठं बरं वाटतं मला," तो म्हणाला. "समजा, मोठा मासा लागला, तर ब्रेक पाहिजे."

"कुठल्या ओढ्यात लागणार मोठा मासा?"

"कन्नडच्या डोंगरातल्या."

"केवढे असतात तिथं मासे?"

त्यानं बोट दाखवलं. मग जरा विचार करून अर्धं बोट दाखवलं.

मी मोठं रीळ काठीला बसवायला लावलं आणि मुठीच्या पुढच्या टोकाखाली एक बोट धरून काठी तोलली. मागची बाजू धाडकन खाली गेली. लहान रीळ बसवलं तर काठी बोटावर आडवी झाली आणि तशीच डुलत राहिली. झालं. गणित शिकवणाऱ्या बाईला आणखी काय पाहिजे? इतक्या लहान ओढ्यात रिळाला काम ते किती, तर दोरी सांभाळायची आणि हाताला जड व्हायचं नाही. उत्तर मला तिथेच मिळालं होतं.

पण मी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर प्रश्न संपला असता, आणि प्रश्न संपला की खाली जावं लागलं असतं. मी चेहरा गंभीर केला आणि म्हणाले, "असं घाईनं नाही ठरवता येणार. ही काठी चालते कशी ते बघायला पाहिजे."

त्याला एवढा आनंद झाला की त्याच्या हातातून मोजा खाली पडला. नव्या रिळांतलं एक परत करायचं असल्यामुळे त्यांच्यावर दोरी गुंडाळता येत नव्हती. सरावासाठी त्यानं दोरी फिरकीवर गुंडाळली होती आणि फिरकी सुतळीनं काठीला बांधायची सोय केली होती. टोकाला गळाऐवजी त्याच्या आईनं दिलेला मेंढीच्या लोकरीचा पुंजका होता. आधी त्यानं फेकून दाखवलं. काठी मागे, थांबायचं, पुढे. दोरी डोक्यावरून लांब होत गेली आणि पुंजका टाकीच्या झाकणावर जाऊन अलगद बसला. मी टाळ्या वाजवल्या. मग काठी मी घेतली.

नेमका त्याच वेळी टँकर आला.

टँकर आला की आमच्या गल्लीत बाकी सगळं थांबायचं. लग्नं थांबायची, भांडणं थांबायची, एकदा तर सत्यनारायणाच्या कथेतून भटजीसकट सगळे उठून गेले होते. त्यामुळे मला बघायचा कार्यक्रमही थांबला. आई घागरी घेऊन पळाली, दादा पाइप ओढायला गेले, आणि त्याची आईसुद्धा पदर बांधून ड्रम लोटायला लागली. मामा नेहमीप्रमाणे थेट टँकरवर चढले. टँकर पूर्ण भरलेला आहे की नाही हे वरचं झाकण उघडून, आत वाकून बघायचं काम मामांचं असायचं. ते काम त्यांना कुणी दिलं नव्हतं.

मी गच्चीच्या कठड्याशी उभी होते. काठी मागे, थांबले, आणि जीव खाऊन पुढे. बेत असा होता की पुंजका समोरच्या मोकळ्या प्लॉटवर टाकायचा. पण पतंगाची फिरकी ती पतंगाची फिरकी. तिला ना ब्रेक, ना कटकट. ती जी गरगरा सुटली ती थांबेचना. दोरी आमच्या गच्चीवरून गेली, गल्लीवरून गेली, खाली उतरली आणि पुंजका टँकरवर वाकलेल्या मामांच्या टोपीवर मागून बसला. मामा दचकून सरळ झाले. टोपी टँकरच्या आत पडली.

टँकरवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "मामू, नहाने का था तो बोलना था ना!"

मी हसू दाबायचा प्रयत्न केला. अगदी मनापासून केला. पण खाली त्याच्या आईनं ड्रमवर हात टेकून जे हसायला सुरुवात केली, ते ऐकून माझा बांध फुटला. बायका मात्र हसत नव्हत्या. टोपी बुडालेलं पाणी प्यायचं कसं, असा मुद्दा निघाला. "टोपी धुतलेली तरी व्हती का?" कुणीतरी विचारलं. मामा टँकरवर उघड्या डोक्यानं उभे राहून ओरडत होते की काल धुतलीय, साबण लावून धुतलीय. पाच हजार लिटर पाणी एका टोपीपायी अडकून पडलं होतं.

तो काठी घेऊन दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेला. पाठोपाठ मी. जाता जाता त्यानं माझ्याकडे काही टोकदार आहे का विचारलं, आणि मी खांद्यावरची पदराची पिन काढून दिली. त्यानं पिन वाकवली, पुंजक्याच्या जागी बांधली, फिरकी सोडून बाजूला टाकली आणि एका हातात काठी, दुसऱ्या हातात नुसती दोरी धरून टँकरवर चढला. मामा झाकणातून आत बघून दिशा सांगायला लागले. रागात होते, पण टोपी त्यांचीच होती. "हिकडं घे. अजून हिकडं. आरं, गेली की!" दोन वेळा टोपी सुटली. तिसऱ्यांदा पिन लागली, काठी वाकली, आणि पाणी गाळत टोपी वर आली. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. त्या काठीला आमच्या देशात लागलेली ती पहिली शिकार.

"धरलीस ना?" त्याची आई खालून ओरडली. "आता सोडून दे म्हणजे झालं!"

ह्यावर दादाही हसले. मला त्यांचं हसणं बघायची सवय नव्हती, म्हणून लक्षात राहिलं. एकटे मामा हसले नाहीत. ओली टोपी पिळून त्यांनी खिशात घातली आणि माझ्याकडे बघितलं. मी भर गल्लीत, पदर खोचून, पाव्हण्यांच्या देखत खिदळत उभी होते.

पाव्हणे गेल्यावर स्फोट झाला. जाताना त्याची आई दारात स्पष्टच सांगून गेली होती, "आमच्याकडून हाय बरं का. तुमचं तुमी कळवा." म्हणजे सगळं आता आमच्या घरावर आलं. आणि मामा म्हणाले, "ह्या लग्नाला मी उभा र्‍हाणार नाय."

हे साधं वाक्य नव्हतं. आमच्यात लग्न लागताना मुलीच्या पाठीशी मामा उभा असतो. मामा नाही म्हणजे मुलीची पाठ उघडी पडली, असं लोक बोलतात. आईचा तर तो एकुलता एक भाऊ. मला रात्री जेवण गेलं नाही. तोवर मी स्थळं नाकारली होती आणि मला नाकारलंही गेलं होतं, कशाचंच काही वाटलं नव्हतं. हे मात्र हातचं जाऊ नये असं इतक्या जोरानं वाटत होतं की माझी मलाच भीती वाटली.

दादा अंगणात बसले होते. म्हणाले, "काय बोलला गं त्यो गच्चीवर?"

"रीळ कुठलं घेऊ म्हणून विचारलं."

"अजून?"

"अजून काही नाही. तेवढंच विचारलं."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगायचं राहिलं," मी म्हणाले, आणि मला एकदम रडू आलं.

रविवारी मामा पुन्हा आले, दुसरं स्थळ घेऊन. मुलाचा बंगला होता आणि बंगल्याला बोअर होती. बोअरला पाणीही होतं. मामांनी स्वतः पिऊन बघितलं होतं. दादा ऐकत होते. मी आतून ऐकत होते. मामा बोअरवरून हळूहळू पुन्हा टोपीवर आले. "दाजी, पोरगं येडं हाय. पाण्याचा थेंब नाय कुठं, आन ह्यो गळ घिऊन हिंडतो. अशा मान्सानं संसार केलाय का कधी?"

"पाव्हणं," दादा म्हणाले, "मी काय करतो रोज?"

"नोकरी."

"कसली? पाटात पाणी नाय. दोन वर्सं झाली, माती उडतीय पाटात. तरी मी रोज जातो. एकेक दार वर करून बघतो, खाली करून बघतो, ग्रीस लावतो. गंज चढला आन उद्या पाणी आलं, तर दार उघडंल का?" दादांचा आवाज चढला होता. तो चढतो हे मला माहीत नव्हतं. "मला आजवर कुणी येडं म्हनलं नाय, कारण मला त्याचा पगार भेटतो. त्या पोराला तर पगार बी नाय त्याचा."

मामांचा हात डोक्यावरच्या टोपीकडे गेला. म्हणाले, "आन टोपीचं?"

"टोपी तुमच्या भाचीनं पाडली. त्यानं काढून दिली."

यावर मामांनी चहा मागितला. आमच्याकडे मामांनी चहा मागणं म्हणजे तह. आई स्वयंपाकघरात पळाली आणि जाताना मला मिठी मारून गेली, हात पिठाचे असताना.

दादांनी मोबाइल काढला आणि त्याच्या घरी फोन लावला. आमच्या घराण्यात होकार एका घरचा बाप्या दुसऱ्या घरच्या बाप्याला कळवतो. "आमची पसंती हाय," एवढंच बोलायचं आणि राम राम घालायचा. मुलीला ते आतून ऐकून समजतं. मी पडद्याला धरून उभी होते.

"नमस्कार," दादा म्हणाले. "हर्सूलहून बोलतोय... व्हय, व्हय. तुमीच का? बरं झालं." मग ते थांबले. त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि फोन माझ्या दिशेनं धरला.

"तू सांग," ते म्हणाले. "त्यानं तुला ईचारलं व्हतं. मला नाय."

"दाजी!" मामा म्हणाले.

मी बाहेर आले. फोन कानाला लावला. पलीकडे तोच होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. मामा, दादा, दारात आई, सगळे माझ्याकडे बघत होते.

"लहान ठेवा," मी म्हणाले. "मोठं परत करा."

"नक्की?" त्यानं विचारलं.

"नक्की. मला तेव्हाच कळलं होतं."

"अगं, लगनाचं बोल की!" मामा ओरडले.

मला हसूही येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि घरातल्या मोठ्या माणसांसमोर मी माझ्या तोंडानं काहीतरी ठरवून सांगितलं होतं, आणि फोन अजून कानालाच धरून मी मधोमध उभी होते. दादांनी ते बघितलं. ते आपल्या खुर्चीतून उठले, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि बाजूला उभे राहिले.